पोर्तुगीज क्रियापद फोडायचं कसं: घटक वेगळे, उच्चारखंड वेगळे

पोर्तुगीज क्रियापद मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच आहे. आपला ‘पगार’ म्हणजे पोर्तुगीजमधलं ‘पागार’, म्हणजे पैसे चुकते करणे. तेव्हा सुरुवात सोपी असते. पण पुस्तकात किंवा गोव्यातल्या एखाद्या जुन्या खरेदीखतात ‘पागार-नो-लो-इआंव’ असलं काही समोर आलं की शब्दकोश उघडूनही काही सापडत नाही, कारण शब्दकोशात फक्त ‘पागार’ असतं. बाकीचं आपलं आपण फोडायचं.

ही फोड दोन प्रकारची असते आणि नव्या माणसाचा सगळा घोळ ती एकच समजण्यातून होतो. एक फोड घटकांची: धातू कुठला, काळ कुठला, कर्ता कोण. दुसरी उच्चाराची: एका दमात तोंडातून निघणारे तुकडे, म्हणजे सिलॅबल. यांना मी इथे खंड म्हणेन. अर्थ लावायला पहिली फोड लागते. वाचायला, जोर कुठे द्यायचा ते ठरवायला आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडायला दुसरी. दोन्हींचे काप क्वचितच एका जागी पडतात.

काय काय लागेल

- दोन रंगांची पेनं. एक घटकांसाठी, एक खंडांसाठी. हे हौसेखातर नाही. एकाच रंगाने काप मारले की पाच मिनिटांनी आपलंच आपल्याला कळत नाही.
- सर्व काळांची रूपं दाखवणारा पोर्तुगीज शब्दकोश. प्रिबेराम हा ऑनलाइन आणि फुकट आहे, आणि मूळ शब्दाचे खंडही दाखवतो.
- कर्म-सर्वनामांचा (‘मला’, ‘तुला’, ‘त्याला’, ‘ते’ अशा अर्थाच्या शब्दांचा) छोटा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर: मे, ते, से, ओ, आ, ल्ये, नोस, वोस, ओस, आस, ल्येस.
- आणि एक पथ्य: वहीत शब्द रोमन लिपीतच लिहा. या लेखात मी सगळं देवनागरीत देतोय, पण स्वरावरची तिरकी रेघ, टोपी आणि नागमोडी रेघ देवनागरीत उतरत नाही, आणि पुढे दिसेल की अर्थ कधीकधी तेवढ्यावरच अडलेला असतो.

खुणा अशा: शब्दातली खरी आडवी रेघ ‘-’, घटकांचा काप ‘+’, खंडांचा काप ‘/’. शब्द बव्हंशी अक्षरांना धरून लिहिलेत. पोर्तुगालमध्ये जोर नसलेले स्वर इतके गिळतात की ऐकून खंड मोजायला गेलात तर कमीच भरतील. मोजणी कागदावर करायची.

१. आधी आडव्या रेघा बघा

क्रियापदात आडवी रेघ असेल तर जवळजवळ नेहमी कुठेतरी सर्वनाम चिकटलेलं असतं. रेघ एकच असेल तर बहुधा सर्वनाम शेवटी आहे: ‘पागा-मे’, मला पैसे दे. रेघा दोन किंवा जास्त असतील तर शेवटचा तुकडा तपासा. तो एइ, आस, आ, एमोस, एइस, आंव यांपैकी असेल तर भविष्यकाळ. इआ, इआस, ईआमोस, ईएइस, इआंव असेल तर संकेतार्थ, म्हणजे ‘केलं असतं’, ‘करू’ या धाटणीचा. दोन्ही वेळा सर्वनाम क्रियापदाच्या पोटात शिरलेलं असतं.

पोटात का, हे एकदा समजलं की पाठांतर वाचतं. पोर्तुगीज भविष्यकाळ मुळात दोन शब्दांचा आहे: क्रियापदाचं मूळ रूप आणि ‘आवेर’ या साहाय्यक क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप. ‘पागार’ला ‘एइ’ जोडून ‘पागारेइ’, मी चुकते करीन. सांधा जुना असला तरी भाषा तो विसरलेली नाही, म्हणून सर्वनाम नेमकं तिथे शिरतं: ‘पागार-ल्ये-एइ’, मी त्याला चुकते करीन. आपण ‘करतोय’ म्हणतो, पण ‘च’ घालायचा झाला की ‘करतोच आहे’ म्हणतो. जोडलेलं आहे सुटतं आणि ‘च’ मध्ये बसतो. तीच चाल.

दोन इशारे. वाक्यात नकार, ‘के’ (की) किंवा ‘नुंका’ (कधीच नाही) सारखा शब्द आधी आला की सर्वनाम उडी मारून क्रियापदाच्या आधी जातं आणि क्रियापद अखंड राहतं: ‘नांव ल्ये पागारेइ’, मी त्याला चुकते करणार नाही (‘नांव’ म्हणजे नाही). दुसरं, ब्राझीलच्या बोलीत हा पोटातला प्रकार जवळपास नाहीच. तिथले माजी राष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर भाषणात अशी रूपं वापरायचे तर त्याची चेष्टा व्हायची. ब्राझीलची पोर्तुगीज शिकवणाऱ्या ॲपवर तुम्ही शिकत असाल तर ही रूपं भेटणार नाहीत, आणि पोर्तुगालचा कायदा वाचायला घेतलात की पहिल्या पानावर भेटतील.

२. गळालेलं अक्षर परत लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो द्यावा.

ओ, आ, ओस, आस ही चार सर्वनामं शेजारच्या अक्षरावर परिणाम करतात. क्रियापद आर, एस किंवा झेडने संपत असेल तर ते अक्षर गळतं आणि सर्वनाम ‘लो, ला, लोस, लास’ होतं. म्हणून ‘पागार’ अधिक ‘ओ’ म्हणजे ‘पागा-लो’, गा च्या आ वर तिरकी रेघ. ‘वेन्देर’ अधिक ‘ओ’ म्हणजे ‘वेन्दे-लो’, दे च्या ए वर टोपी. आता त्याच ‘वेन्दे-लो’वरची टोपी काढा: ते ‘वेन्देस’ अधिक ‘ओ’ होतं, म्हणजे ‘तू ते विकतोस’. टोपी असेल तर ‘ते विकणे’. टोपी वाचून घ्या, मगच शब्दकोश उघडा.

शेवटी ‘इर’ असलेल्या बहुतेक क्रियापदांना ही रेघ लागत नाही: ‘पार्तीर’ अधिक ‘ओ’ म्हणजे ‘पार्ती-लो’, साधा इ. कारण सोपं आहे. आडव्या रेघेआधीचा तुकडा स्वतंत्र शब्द धरून लिहितात, आणि इ ने संपणाऱ्या शब्दात जोर आपोआप शेवटी जातो. आ किंवा ए ने संपणाऱ्यात जात नाही, म्हणून तिथे खूण करावी लागते.

क्रियापद नाकातल्या आवाजाने संपत असेल तर उलटं होतं. काही गळत नाही, सर्वनामाला ‘न’ लागतो: ‘पागांव-नो’, ते लोक ते चुकतं करतात. ‘वेन्देंय-नोस’ मात्र दुतोंडी आहे. ‘त्यांना विकतात’ की ‘आम्हाला विकतात’, हे संदर्भच सांगेल. तिथे डोकं आपटू नका, आधीचं वाक्य वाचा.

दोन सर्वनामं एकत्र आली तर तीही वितळतात. मे अधिक ओ म्हणजे ‘मो’, ते अधिक ओ म्हणजे ‘तो’, ल्ये अधिक ओ म्हणजे ‘ल्यो’, नोस अधिक ओ म्हणजे ‘नो-लो’, वोस अधिक ओ म्हणजे ‘वो-लो’. आता सुरुवातीचा राक्षस बघा. ‘पागार-नो-लो-इआंव’: पागार, नोस, ओ, इआंव. ‘ते आम्हाला ते चुकतं करतील असं होतं’, या ढंगाचं काहीतरी. अर्थ हाती आला, अजून एकही खंड मोजलेला नाही. क्रम असाच ठेवा.

भविष्यकाळात तीन क्रियापदं आखडतात: ‘फाझेर’चं ‘फार’, ‘दिझेर’चं ‘दिर’, ‘त्राझेर’चं ‘त्रार’. त्यामुळे ‘फा-लो-एइ’ पाहून ‘फा’ शोधत बसू नका, ते ‘फाझेर’ आहे. कायद्याच्या भाषेत दर दोन ओळींनी येणारं ‘फार-से-आ’ हेही तेच: ‘करण्यात येईल’.

३. उरलेलं क्रियापद उजवीकडून सोला

सर्वनामं बाजूला काढली की उघडं क्रियापद राहतं. आता पहिल्या रंगाचं पेन. शेवटाकडून सुरुवात करा, कारण शेवट ठरलेले असतात, धातू हजारो.

सर्वांत शेवटी पुरुष-वचनाचा घटक: ‘मोस’ दिसलं की ‘आम्ही’, एस असेल तर ‘तू’, एम असेल तर ‘ते’. त्याआधी काळाचा आणि अर्थाचा घटक: ‘वा’ म्हणजे अपूर्ण भूतकाळ, ‘स्से’ म्हणजे ‘असतं तर’ वाला, ‘रा’ म्हणजे ‘केलं होतं’. त्याआधी एक स्वर, आ, ए किंवा इ, जो क्रियापद कोणत्या गटातलं ते सांगतो. उरला तो धातू.

पागावामोस: पाग् + आ + वा + मोस
पागास्सेमोस: पाग् + आ + स्से + मोस

दरवेळी चारही घटक मिळतील अशी अपेक्षा नको. ‘पागावा’त पुरुषाचा घटकच नाही, ‘मी’ आणि ‘तो’ दोन्हींना तेच रूप. ‘वेन्दीआमोस’मध्ये गटाचा स्वर आणि काळाचा घटक एकमेकांत मिसळलेत. काही व्याकरणं तिथे ‘ईआ’ हा एकच घटक मानतात, काही इ आणि आ वेगळे काढतात. परीक्षेला बसणार असाल तर तुमच्या पुस्तकाचं ऐका.

धातू शोधताना स्पेलिंगचा एक चकवा आहे. ‘पागेइ’, म्हणजे मी चुकते केले, यात जी नंतर एक मुका यू येतो. तो फक्त ‘ग’ चा ‘झ’ होऊ नये म्हणून. धातू ‘पाग्’च. तसंच ‘फिकार’चं ‘फिकेइ’ होताना सी जाऊन क्यू-यू येतात.

अनियमितांचं काय? ‘से फिझेर’ (जर केलं तर) यातलं ‘फिझेर’ शब्दकोशात स्वतंत्र शब्द म्हणून मिळणार नाही. अशा रूपांचा माग भूतकाळातून काढतात: ‘फिझेरांव’ (त्यांनी केलं) मधला शेवटचा ‘आंव’ काढला की ‘फिझेर’. ‘तिवेरांव’वरून ‘तिवेर’. ‘फोरांव’वरून ‘फोर’, आणि हे ‘असणे’ आणि ‘जाणे’ दोन्हींचं, त्याला इलाज नाही. करारपत्रांत ‘जर खरेदीदाराने…’ अशा अटी याच रूपात असतात, म्हणून हे लवकर शिकलेलं बरं.

४. आता दुसरं पेन: खंड पाडा

इथे आधीचे काप विसरायचे. खंडांना धातूशी काही देणंघेणं नसतं.

पागावामोस: पा / गा / वा / मोस
पागास्सेमोस: पा / गास् / से / मोस

‘पाग्’ या धातूतला ग सरळ पुढच्या खंडात गेला. ‘स्से’ हा घटक तर मधोमध चिरला गेला, कारण दुहेरी एस (आणि दुहेरी आर) खंड पाडताना तुटतोच.

मराठी माणसाचा हात नेमका इथेच घसरतो, कारण आपली लिपी जोडाक्षर पुढच्या अक्षरात बांधते. ‘पास्सास्से’ (गेला असता तर) हा शब्द घ्या:

घटक: पास्स् + आ + स्से
खंड: पास् / सास् / से
देवनागरीचा हात: पा / स्सा / स्से

तिसरी ओळ चूक. पण आपल्याला हे अगदीच परकं नाही. वृत्तात मात्रा मोजताना ‘पत्ता’तला प आपण गुरू धरतोच, म्हणजे कानाला अर्धा त मागे जातो हे माहीत असतं. खंड पाडताना लेखणीचं नाही, त्या कानाचं ऐका.

दोन व्यंजनं एकत्र आली तर साधारण नियम तोडण्याचा. अपवाद: प, ब, त, द, क, ग, फ, व यांच्यामागे र किंवा ल आला तर जोडी अभंग: आ / ब्री / मोस. आवाज एकच असलेल्या जोड्याही अभंग: एल-एच (ल्य), एन-एच (न्य), सी-एच (श). ‘गान्यार’ (मिळवणे) चं गा / न्यार, गान् / यार नव्हे. एस पुढे व्यंजन असेल तर एस नेहमी मागे: कोन्स् / त्रु / ईस् / से / मोस. ‘स्त्रु’ने खंड सुरू करायचा मोह आवरा.

उपसर्गही खंडांना अडवत नाहीत. ‘देझोबेदेसेस्सेमोस’ (आम्ही अवज्ञा केली असती तर) घटकांनी देस् + ओबेदेस् + ए + स्से + मोस आहे, पण खंडांनी दे / झो / बे / दे / सेस् / से / मोस. उपसर्गातला एस पुढच्या खंडात गेला, दोन स्वरांमध्ये आला, म्हणून त्याचा झ झाला. पोर्तुगीजभाषी देशांच्या १९९० च्या लेखनकरारात हे स्पष्ट आहे: तोड उच्चाराने, व्युत्पत्तीने नव्हे. बी किंवा डी ने संपणाऱ्या उपसर्गापुढे एल आला तर मात्र तो उपसर्ग वेगळा राहतो, जसं सुब् / लुनार.

५. शेजारचे स्वर

‘पागेइ’तले ए आणि इ एकाच खंडात: पा / गेइ. ‘पागारिआ’तले इ आणि आ वेगळे: पा / गा / रि / आ. इ किंवा उ दुसरा असून त्यावर जोर नसेल तर तो पहिल्याला चिकटतो. जोर असेल तर सुटतो. ‘साइ’ (तो निघतो) एक खंड. ‘सा / ई’ (मी निघालो) दोन, आणि लिहिताना इ वर तिरकी रेघ. ‘सा / ई / मोस’, ‘सा / ई / रांव’ याच घरातले.

म्हणून पोटातल्या सर्वनामवाल्या रूपांत भविष्यकाळ आखूड आणि संकेतार्थ लांब: ‘पागा-लो-एइ’ म्हणजे पा / गा / लो / एइ, चार खंड. ‘पागा-लो-ईआमोस’ म्हणजे पा / गा / लो / ई / आ / मोस, सहा.

६. जोर कुठे

हा मुद्दा लोक उच्चाराचा म्हणून सोडून देतात. मालमत्तेचा कागद वाचताना तो पैशांचा असतो.

‘वेन्देरा’ लिहा. वेन् / दे / रा. जोर ‘दे’वर असेल तर अर्थ ‘विकलं होतं’. जोर ‘रा’वर, म्हणजे शेवटच्या आ वर तिरकी रेघ असेल तर ‘विकेल’. जमीन गेली की जायची आहे, एवढा फरक एका रेघेत. हस्तलिखितात ती रेघ पुसट असते, कधी नसतेच. तेव्हा त्या क्रियापदाच्या आसपास तारीख, ‘आधी’, ‘नंतर’ असले शब्द शोधा आणि मगच ठरवा.

‘पागारांव’ही तसंच. एम ने संपलं असेल तर पा / गा / रांव, जोर गा वर, ‘त्यांनी चुकते केले’. नागमोडी रेघेचा आ आणि ओ असेल तर जोर शेवटी, ‘ते चुकते करतील’.

तिसरी जोडी पोर्तुगालमधल्या शाळकरी मुलांनाही चकवते: ‘पागा-से’ आणि ‘पागास्से’. पहिल्यात जोर पा वर (चुकते केले जातात), दुसऱ्यात गा वर (केले असते तर). ओळखायची युक्ती: वाक्य नकारार्थी करा. ‘नांव से पागा’ असं ‘से’ सुटून क्रियापदाच्या आधी येत असेल तर आडवी रेघ हवी. येत नसेल तर तो एकच शब्द, दोन एसवाला. ‘दामोस’ (आम्ही देतो) आणि ‘दा-मोस’ (ते मला दे) यांनाही हीच कसोटी लावा.

७. ओळ संपली तर

लिहिताना शब्द खंडावर तोडायचा. तोड आणि मूळची आडवी रेघ एकाच जागी आली तर रेघ दोनदा: ओळीच्या शेवटी एक, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक. ‘पागा-’ खाली ‘-लो-एइ’. वाचताना पुढच्या ओळीच्या सुरुवातीला रेघ दिसली तर ती छपाईची चूक नाही. मूळ शब्दातच ती रेघ आहे.

८. १९११ च्या आधीचे कागद

पोर्तुगालने १९११ मध्ये लेखन सुधारलं. त्याआधीचं घरचं दप्तर काढलं असेल तर वरचे नियम लागू पडतात, पण वेश वेगळा असतो. ‘पागा-लो’ तेव्हा पागाल-ओ असं लिहीत, म्हणजे एल रेघेच्या अलीकडे. तो एल क्रियापदाचा समजू नका. ‘फार-से-आ’च्या शेवटच्या आ आधी एच लिहीत, फार-से-हा, आणि त्या एचमध्ये ‘आवेर’ उघडं दिसतं. दुहेरी व्यंजनंही भरपूर: ‘फालार’मध्ये दोन एल.

आणखी मागे, अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला गेलात तर भूतकाळाचा ‘रांव’सुद्धा नागमोडी रेघेने लिहिलेला सापडतो: ‘फोरांव’, ‘फिझेरांव’ एम शिवाय. त्या कागदांत सहाव्या पायरीवरची नागमोडीची खूण भरवशाची नाही. तिथे धातू बघा: ‘फिझेर’ भूतकाळाचाच साचा आहे, भविष्यकाळ ‘फारांव’ झाला असता. ‘पागार’सारख्या नियमित क्रियापदांना हा आधार नसतो, तिथे दस्तऐवजाची तारीख आणि बाजूची क्रियापदं कोणत्या काळात आहेत ते पाहूनच निर्णय घ्या, आणि व्यवहार मोठा असेल तर जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणाऱ्याला दाखवून घ्या.